उभ्या बोटीत म्हातारं होणारं रबर

अमेरिकेतल्या मिशिगन, मिनेसोटासारख्या तळ्यांच्या राज्यांत एप्रिल-मे उजाडला की हिवाळाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या बोटी उघडल्या जातात. बॅटरी, तेल, पंप तपासून झाले की मालक बोटीच्या पाठीमागे वाकतो आणि टॉर्च लावून रबराच्या एका नळकांड्याकडे बघतो. वीतभर लांबीचं, काळं, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेलं ते नळकांडं म्हणजे बेलोज. हे अजून किती वर्षं टिकेल, असं चार जणांना विचारलं तर एक दोन वर्षं सांगतो, दुसरा पाच, आणि तिसरा छातीवर हात ठेवून सांगतो की माझं पंधरा वर्षांचं आहे आणि अजून थेंब गळालेला नाही. यातलं कुणीच खोटं बोलत नसेल. रबराचं वय नुसत्या वर्षांत मोजता येत नाही. ती वर्षं त्या रबराने कोणत्या अवस्थेत काढली, त्यावर सगळं ठरतं.

आधी हे बेलोज तिथे कशाला असतं ते पाहू. बोटीला ढकलण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि सरळ दांडा तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. दुसरीत, म्हणजे आउटबोर्डमध्ये, आख्खं इंजिनच मागे बाहेर टांगलेलं असतं. पहिल्या पद्धतीत मोटारीसारखं दमदार इंजिन बसतं, पण पंखा उचलता येत नाही. दुसरीत उचलता येतो, पण त्या काळी फार मोठं इंजिन बाहेर टांगणं शक्य नव्हतं. जिम विन या अमेरिकन अभियंत्याने दोन्हींची सांगड घातली. इंजिन आत, मागच्या भिंतीला चिकटून; बाहेर मात्र पंखा धरून असलेला एक पाय, जो डावीकडे-उजवीकडे वळतो आणि वरही उचलला जातो. स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने ही रचना 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'ॲक्वामॅटिक' नावाने आणली. 1961 मध्ये अमेरिकेतल्या मर्क्रूझरचं यंत्र आलं. तेव्हापासून हौशी मोटरबोटींच्या जगात ही रचना, म्हणजे स्टर्नड्राइव्ह, रुजली.

या कल्पनेची किंमत म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला पाडलेलं एक मोठं भोक. इंजिनाची ताकद त्या भोकातून बाहेर जायची, आणि बाहेरचा पाय तर सतत हलणारा. म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंटचा दांडा बसवतात, जो वाकलेल्या स्थितीतही फिरतो. भोक असतं पाण्याच्या पातळीखाली, आणि पाणी व त्या जॉइंटच्या मध्ये असतं फक्त हे रबर. मोटारीच्या एक्सलवरचा रबरी बूट आपल्याकडे प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक आहे. हा त्याचाच भाऊबंद, पण एक फरक महत्त्वाचा आहे. मोटारीचा बूट दांड्याबरोबर गरगर फिरतो. बोटीचं बेलोज फिरत नाही. जॉइंट आत इंजिनाच्या वेगाने, मिनिटाला हजारो फेरे घेत असतो आणि बेलोज त्याच्याभोवती स्थिर असतं. पाय वळला किंवा उचलला गेला तरच ते वाकतं.

बहुतेक स्टर्नड्राइव्हवर असं एकच बेलोज नसतं. जॉइंटचं एक, त्याच्या खाली धूर बाहेर नेणारं एक, आणि मर्क्रूझरसारख्या यंत्रांवर गिअरची केबल जिथून आत जाते तिथे करंगळीएवढं तिसरं. धुराचं फाटलं तर बोट सहसा बुडत नाही, आवाज बदलतो इतकंच. जॉइंटचं फाटलं तर पाणी आधी जॉइंटवर आणि त्यामागच्या बेअरिंगवर जातं. बेअरिंग गंजतं, वळताना गुरगुरायला लागतं, आणि त्याच्यापलीकडे बोटीचं पोट असतं. सगळ्यांत दुर्लक्षित असतं ते करंगळीएवढं. त्याच्या मागे पाणी अडवायला बेअरिंगही नसतं. ते फाटलं की पाणी थेट आत.

किती पाणी? हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर 3 मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर पाणी सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने आत येऊ पाहतं. कडांमुळे होणारी घट धरली तरी तासाला साधारण 37 लिटर, म्हणजे दिवसभरात जवळपास 900 लिटर. पोटातला पंप ते सहज उपसतो, पण बॅटरी असेपर्यंतच. शुक्रवारी बांधलेली बोट पुढच्या शनिवारी पाहायला येणाऱ्या माणसाला मधल्या आठवड्यात काय झालं हे कळायला मार्ग नसतो. हौशी बोटी धावताना बुडण्यापेक्षा धक्क्याला बांधलेल्या असतानाच जास्त बुडतात, हे बोटींचा विमा उतरवणाऱ्यांचं जुनं निरीक्षण आहे.

आता रबराकडे वळू. नैसर्गिक रबर म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या. त्या गंधकाने एकमेकींना जागोजाग बांधल्या की ताणून परत येणारं रबर तयार होतं. पण या साखळ्यांत ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच घाव घालून साखळी तोडतो. हवेत ओझोन असतो तरी किती? साध्या स्वच्छ दिवशी अब्ज भागांत 30 ते 50 भाग. एवढासा वायू जाड रबराला भेगा पाडतो हे खरं वाटत नाही, पण त्याला एक साथीदार लागतो, तो म्हणजे ताण. सैल पडलेल्या रबरावर ओझोनची क्रिया पृष्ठभागावरच थांबते. वर एक निकामी थर तयार होतो आणि आतलं रबर वाचतं. तेच रबर थोडं ताणलेलं असेल तर तुटलेली साखळी बाजूला सरकते, खालचं ताजं रबर उघडं पडतं, ओझोन पुन्हा घाव घालतो. भेग ताणाच्या दिशेला काटकोनात खोल खोल जात राहते.

या गुणधर्माचा एक सुंदर उपयोग 1950 च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये झाला. शहरावर धुरकं साचायचं, डोळे चुरचुरायचे, आणि टायर इतर शहरांपेक्षा लवकर तडकायचे. तिथल्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेतले मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे तोपर्यंत अननसाच्या स्वादावर काम करत होते. ते या धुरक्याकडे वळले आणि रबराच्या पट्ट्या वाकवून हवेत ठेवू लागले. भेगा किती वेळात दिसतात आणि किती खोल जातात, यावरून हवेतला ओझोन मोजता येत असे. पट्टी वाकवणं आवश्यक होतं. वाकवली नाही तर मोजमापच व्हायचं नाही.

वाकवलेली रबरी पट्टी म्हणजे बेलोजची एक घडीच. पाय खाली, सरळ ठेवलेला असेल तेव्हा बेलोज जवळजवळ त्याच्या मूळ आकारात असतं. पाय वर उचलला की खालच्या बाजूच्या घड्या ताणल्या जातात आणि वरच्या दाबल्या जातात. आता हौशी बोटीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. वर्षात 8,760 तास असतात. त्यातले शंभर तास बोट धावली तर पुष्कळ. उरलेले आठ हजारांहून जास्त तास ती धक्क्याला, ट्रेलरवर किंवा शेडमध्ये उभी असते. पाय वर उचलून ठेवला असेल तर हे सगळे तास एकच घडी, एकाच जागी, एकाच ताणात हवेतल्या ओझोनसमोर उघडी असते. माझ्या मते बेलोजच्या आयुष्याचा खरा निकाल इथेच लागतो. धावण्याने ते झिजतं, नाही असं नाही. पण बहुतेक बेलोज उभ्या उभ्या म्हातारी होतात.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो दिसतो त्याच्या उलट वाटतो. रबर खूप ताणलं तर त्यावर असंख्य बारीक, उथळ भेगा येतात. अगदी थोडं ताणलं तर मोजक्याच येतात, पण त्या खोल जातात. म्हणजे सगळीकडे बारीक जाळी पडलेलं बेलोज वाईट दिसतं, पण त्याहून घातक असतं ते वरवर गुळगुळीत दिसणारं आणि एका घडीच्या तळाशी एकच रेघ असणारं. पेटीचा भाताही घडीच्या कोपऱ्यातच फुटतो.

बेलोज बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून नैसर्गिक रबराऐवजी बहुधा निओप्रीन वापरतात. 1930 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत सापडलेलं हे कृत्रिम रबर. त्याच्या साखळीत दुहेरी बंधाशेजारी क्लोरीनचा अणू असतो. तो बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि त्यामुळे ओझोनचा घाव सौम्य होतो. सौम्य होतो, टळत नाही. बंध तिथेच असतो. शिवाय रबरात काजळी घालतात, ती अतिनील किरण शोषते. मेण घालतात, ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरतं. पण घडी हलली की तो पापुद्रा तुटतो. उत्तरेकडच्या थंडीत निओप्रीनची आणखी एक खोड दिसते. शून्याखाली दहा अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं की त्याच्या साखळ्या शिस्तीत रचल्या जाऊन ते कडक होतं, ताणलेलं असेल तर आणखी लवकर. ऊब मिळाली की पुन्हा मऊ पडतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत पाय उगाच वर-खाली करू नये.

मग पाणी? लोकांचा पहिला संशय खाऱ्या पाण्यावर असतो, आणि रबराच्या बाबतीत तो चुकीचा आहे. 42 वर्षं समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या नैसर्गिक रबराचा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. ते रबर चांगल्या अवस्थेत होतं. पाण्यात ओझोन नाही, ऊन जवळजवळ नाही, प्राणवायू कमी आणि तापमान थंड. रबराला सुरक्षित ठेवायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण. खारं पाणी खातं ते धातूला, म्हणजे बेलोज आवळणाऱ्या पट्ट्यांना आणि ज्या कडेवर ते बसतं त्या ॲल्युमिनियमला. कड गंजून खडबडीत झाली की नवं कोरं बेलोजही गळतं. शिवाय समुद्रात शंखासारखे बार्नेकल घड्यांच्या खोबणीत घर करतात. त्यांचं कवच धारदार असतं, आणि महिनाभर न हलवलेला पाय एक दिवस वळवला की रबर कापलं जातं.

म्हणून समुद्रात कायम ठेवलेल्या बोटीच्या मालकापुढे खरी अडचण उभी राहते. पाय खाली ठेवला तर रबर सुखी, पण धातू आणि पंखा पाण्यात. वर ठेवला तर अर्धा पाय बाहेर येतो, पण बेलोजच्या घड्या ताणलेल्या. शिवाय भिंतीला जोडलेला भाग तरीही पाण्यातच राहतो, आउटबोर्डसारखा संपूर्ण सुटत नाही. मी यात पाय खाली ठेवण्याच्या बाजूचा आहे. गंजाला आवर घालायला स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावता येतात आणि ते झिजलेले डोळ्यांना दिसतात. घडीच्या तळातली भेग दिसत नाही.

उष्णतेचा हिशेब वेगळा. दर 10 अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम रबराच्या ऑक्सिडीकरणालाही बऱ्यापैकी लागू पडतो. त्यामुळे फ्लोरिडाच्या उन्हात बारा महिने ट्रेलरवर उभी असलेली बोट आणि मिनेसोटातली चार-पाच महिन्यांचीच बोट यांच्या बेलोजची वर्षं एकसारखी मोजताच येत नाहीत. धुराचं बेलोज तर इंजिनाच्या थंड पाण्याच्या भरवशावर जगतं. पाण्याचा पंप एकदा जरी बंद पडला तरी गरम धूर ते भाजून काढतो.

आता आकडे. व्होल्वो पेंटाच्या अनेक जुन्या ड्राइव्हच्या पुस्तिका दर 2 वर्षांनी बेलोज बदलायला सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ मेकॅनिक 3 ते 5 वर्षं धरतात. रबराच्या साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय मानकात निओप्रीनच्या न वापरलेल्या, न ताणलेल्या, अंधारात पॅक करून ठेवलेल्या वस्तूलाही 7 वर्षं दिली आहेत, त्यापुढे तपासून मुदतवाढ. मग पुस्तिकेतला 2 हा आकडा फारच भित्रा नाही का? तो आकडा सरासरी बेलोज कधी फाटतं हे सांगत नाही. हजारात सगळ्यांत आधी फाटणारं कधी फाटेल, ते सांगतो. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीचंही हेच आहे. पाच वर्षांनी बदलायची नळी बहुधा सहाव्या वर्षीही धड असते. पण ती धड नसेल तर ते आपल्याला आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पंधरा वर्षांचं बेलोज मिरवणारा माणूस खरं बोलतो, पण ज्यांची चौथ्या वर्षी बुडाली ते त्या गप्पांत नसतात.

पाण्यात कायम राहणारी बोट असेल तर मी चौथ्या-पाचव्या वर्षी वाद घालणार नाही, तिन्ही बेलोज एकत्र बदलून घेईन. रबर स्वस्त असतं, पाय उतरवण्याची मजुरी महाग. आणि पाय उतरलाच आहे तर बेअरिंगही हाताने फिरवून बघता येतं. ट्रेलरवर राहणाऱ्या, पाय खाली ठेवलेल्या बोटीला थोडी सूट देता येईल. पण दरवर्षी पाय पूर्ण वर करून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, घड्या बोटांनी फाकवून, प्रत्येक खोबणीच्या तळाशी उजेड पाडून बघायचं. रबर दाबून बघायचं. कुकरची जुनी रिंग जशी हाताला कोरडी आणि ताठ लागते तसं लागलं, तर भेग दिसण्याची वाट बघू नये. वर्षातून एकदा पाय उतरवला जातो तेव्हा आतला जॉइंट पुसून बघायचा. तिथे ग्रीसचा रंग दुधी झाला असेल किंवा तांबूस गंजाचा डाग असेल, तर पाणी आत शिरलेलं आहे, बाहेरून बेलोज कितीही नवं दिसो. नव्या बेलोजच्या शेजारी, भिंतीच्या आतल्या बाजूला, बसवल्याची तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवायची, आणि त्याच तारखेखाली बोट वर्षभर पाय खाली ठेवून उभी होती की वर, तेही.