सीटखालचं इंजिन : ब्रिटनमधल्या जपानी बाँगोची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जुनी माझदा बाँगो फ्रेंडी ही जपानी कौटुंबिक व्हॅन घ्यायला निघालेल्या माणसाला जाणकार पहिली गोष्ट सांगतात ती कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. रंग, सीटा, छतावरचा तंबू सगळं नंतर बघा. आधी गाडीखाली वाकून पाण्याच्या नळ्या बघा. हा सल्ला समजून घ्यायचा तर या गाडीचा इतिहास माहीत हवा.

जपानमध्ये ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी आणि २ मीटर उंचीच्या आत बसणारी प्रवासी गाडी लहान वर्गात मोडते. पेट्रोल इंजिन असेल तर त्याला २००० सीसीची मर्यादाही आहे. मोठ्या वर्गावर अनेक वर्षं बराच जास्त कर होता आणि शहरांतल्या गल्ल्याही अरुंद, त्यामुळे कंपन्या एकेक सेंटिमीटर मोजून गाड्या आखत. टोयोटाने १९९० मध्ये एस्टिमा आणली, ती रुंद ठरली. म्हणून १९९२ मध्ये तिच्याच एमिना आणि लुसिडा या सडपातळ बहिणी आल्या. अंग वाढवता येत नसेल तर आत सात-आठ माणसं बसवायची कशी? मालवाहू व्हॅनमध्ये याचं उत्तर आधीच सापडलं होतं : इंजिन पुढच्या सीटखाली सरकवा.

बाँगो हे नाव १९६६ पासूनचं, साध्या कामाच्या व्हॅनचं. १९९५ साली आलेली फ्रेंडी मात्र कुटुंबासाठी होती. सीटा दुमडून झोपायला जागा, आणि काही गाड्यांना बटण दाबताच वर उचललं जाणारं छत, ज्यात आणखी दोघं झोपू शकतात. इंजिन पुढच्या सीटांखाली, रेडिएटर मात्र नाकापाशी. रुंदी १.६९ मीटर.

मग ती ब्रिटनला का पोहोचली? दोन्ही देशांत गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे असतं. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. जपानमधली सक्तीची तपासणी, 'शाकेन', नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी येते आणि ती महाग पडते. चांगल्या अवस्थेतली गाडीही लोक त्याआधी लिलावात काढतात. डिझेल गाड्यांवर आणखी एक दडपण आलं : २००१ मध्ये सुधारलेल्या धूरविषयक कायद्यामुळे टोकियो-ओसाकासारख्या महानगरी भागांत जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवणं अशक्य होत गेलं. इकडे ब्रिटनमध्ये १९७५ पासून दोन्ही देशांच्या वाहन उद्योगांत एक अनौपचारिक समझोता होता. त्याने जपानी गाड्यांचा वाटा बाजाराच्या सुमारे ११ टक्क्यांवर रोखून धरला होता. तो १९९० च्या दशकाअखेर संपला, पण फ्रेंडी काही तिथल्या शोरूममध्ये नवी म्हणून आली नाही. ती आली ती वापरलेली, आयातदारांच्या हातून. १९९८ पासून अशा गाडीला एसव्हीए नावाची स्वतंत्र तपासणी लागू झाली, २००९ मध्ये तिची जागा आयव्हीएने घेतली. दहा वर्षांवरच्या गाड्यांना त्यातून सूट होती.

उतरल्यावरची कामं ठरलेली. मागे धुक्याचा लाल दिवा बसवायचा, स्पीडोमीटर मैलांत करून घ्यायचा. रेडिओसुद्धा जवळजवळ मुका, कारण त्या काळचं जपानी एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झचं आणि ब्रिटनमधली बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. ही किरकोळ कामं झाली. खरा त्रास चेसिस नंबरचा : जपानी गाडीवर १७ अंकी-अक्षरी क्रमांक नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो. तो ब्रिटिश डीलरच्या कॉम्प्युटरला कळत नाही आणि सुटे भाग अडतात. सुदैवाने फ्रेंडीचं २.५ लिटर टर्बो डिझेल इंजिन युरोपात माझदा बी२५०० आणि फोर्ड रेंजर पिकअपमध्येही होतं. हे ज्या मेकॅनिकला ठाऊक, त्याचं निम्मं काम सोपं.

आता पुन्हा पाण्याकडे. इंजिन मधे, रेडिएटर पुढे, मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर. म्हणजे कूलंटला फरशीखालून लांबवर फिरावं लागतं. वीस-पंचवीस वर्षांत रबरी नळ्या कडक होतात, धातूच्या नळ्या गंजतात, एखादी हळूच झिरपू लागते. पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन तापत असतानाही टेम्परेचरचा काटा निवांत मधेच उभा राहू शकतो. तो वर सरकतो तोवर सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागाला, तडा गेलेला असू शकतो. म्हणूनच मालक काट्यावर विसंबत नाहीत. कूलंटची पातळी खाली जाताच वाजणारा वेगळा अलार्म बसवून घेतात. माझ्या मते या गाडीवर करायचा हा पहिला खर्च, पडदे आणि गाद्या त्यानंतर. नळ्या बदलल्यावर कूलंट भरणं हेही नुसतं ओतण्याचं काम नाही. हवा काढायची नळी उंच बांधून, इंजिन चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. घाई केली तर हवा आत अडकते आणि नवं कोरं काम वाया जातं.

गंजाचं कारणही जपानमध्येच आहे. तिथल्या बहुतेक भागांत रस्त्यावर ब्रिटनइतकं मीठ पडत नाही, म्हणून खालच्या पत्र्याला जाड कोटिंग नसतं. बंदरावर उतरलेली गाडी खालून लख्ख दिसते, आणि पहिल्या काही हिवाळ्यांतच मागच्या चाकांवरच्या कमानी फुगायला लागतात. उतरल्या उतरल्या कोटिंग केलेल्या गाड्या आज वेगळ्या ओळखू येतात.

फ्रेंडीचं उत्पादन २००५ च्या सुमारास थांबलं. लंडनमध्ये २०१९ साली मध्यभागात सुरू झालेलं यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारं क्षेत्र, ऑगस्ट २०२३ मध्ये शहराच्या सगळ्या बरोंपर्यंत (प्रशासकीय विभागांपर्यंत) पसरलं. तिथे डिझेल गाडीला युरो ६ हा धुराचा निकष पाळावा लागतो, नाहीतर दिवसाला साडेबारा पौंड. जपानमधल्या महानगरांनी धुरापायी बाहेर काढलेली डिझेल बाँगो लंडनमध्ये पुन्हा त्याच धुरापाशी अडली. आता चांगली राखलेली डिझेल गाडी दिसते ती शहराबाहेर, किनाऱ्याकडच्या आणि डोंगराकडच्या वाटांवर, छत उचलून उभी.