सर्व्हरच्या दारातली रांग किती लांब असावी?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जळगाव

एरवी साइट झटकन उघडते, पण निकाल लागला किंवा केळीचे भाव जाहीर झाले की पान नुसतं फिरत राहतं. सीपीयू पाहावा तर निवांत, मेमरीही शिल्लक. अशा वेळी महागडा सर्व्हर घेण्याआधी कनेक्शनची रांग तपासून घ्या, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

कापसाच्या हंगामात जिनिंगवर काही गाड्या फाटकाबाहेर नोंदीसाठी थांबतात, तर नोंद झालेल्या आत काट्यासाठी. लिनक्स ही कार्यप्रणाली चालवणाऱ्या सर्व्हरवरही अशाच दोन रांगा असतात. पहिलीत हँडशेक, म्हणजे जोडणी पक्की करणारी सुरुवातीची देवाणघेवाण, अर्धवट असलेली कनेक्शन, दुसरीत हँडशेक झालेली पण प्रोग्रामनं अजून हाती न घेतलेली. गर्दीत बहुधा दुसरी रांग तुंबते. ती भरली की लिनक्स सहसा नकार कळवत नाही, नवी विनंती मुकाट्यानं सोडून देतं. समोरचा मोबाइल बहुधा एक सेकंद थांबून पुन्हा विचारतो, नंतर दोन सेकंदांनी, मग चार. म्हणूनच एखादं पान बरोबर एक किंवा तीन सेकंद उशिरा उघडत असेल तर आमचा पहिला संशय रांगेवर जातो.

रांगेची लांबी दोन आकड्यांवर ठरते: प्रोग्रामनं मागितलेला बॅकलॉग (त्याला हवी असलेली रांगेची लांबी) आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, 'सोमॅक्सकॉन' मर्यादा. यातला लहान आकडा लागू होतो. लिनक्सवर एनजिनएक्स हा साइटची पानं पुरवणारा प्रोग्राम आपणहून 511 मागतो. कर्नलची मूळ मर्यादा पूर्वी 128 होती, 2019 च्या 5.4 आवृत्तीपासून ती 4096 झाली. म्हणजे जुन्या कर्नलवर 511 मागूनही 128 च मिळतात, आणि नव्यावर 4096 ची मुभा असूनही एनजिनएक्स 511 वरच राहतो. एनजिनएक्सच्या मागे पानं तयार करणारं पीएचपी असेल तर त्याची रांग वेगळी. तीही पाहावी लागते.

रांग आत्ता किती भरली आहे हे 'एसएस -एलटीएन' या आज्ञेनं दिसतं: रिसीव्ह-क्यू म्हणजे थांबलेली कनेक्शन, सेंड-क्यू म्हणजे मर्यादा. पण गर्दीचा लोंढा क्षणभराचा असतो, नेमका तोच नजरेतून निसटतो. त्यापेक्षा 'लिसन ओव्हरफ्लोज' हा, रांग भरल्यानं किती वेळा कनेक्शन सोडून द्यावी लागली याच्या मोजणीचा आकडा गर्दीआधी आणि गर्दीनंतर टिपून ठेवा. वाढला असेल तर रांग नक्की भरली होती.

आता हिशेब. तुमचा प्रोग्राम सेकंदाला 400 कनेक्शन हाती घेतो आणि माणूस रांगेत फार तर 2 सेकंद ताटकळावा असं तुम्हाला वाटतं, तर रांग 800 ची. एका सेकंदात 1000 आले तरी मागे 600 उरतात, ते सहज मावतात. काही जण सरळ 65535 लिहून टाकतात. तसं करू नका! ती रांग भरली तर शेवटच्या माणसाचा नंबर 160 सेकंदांनंतर येईल. तोवर तो कधीच निघून गेलेला असतो आणि सर्व्हर त्याच्यासाठी राबत बसतो.

रांग तासन्‌तास भरलेलीच राहत असेल तर दोष लांबीचा नाही. डेटाबेसची एखादी संथ क्वेरी (माहितीची मागणी) किंवा कमी पडणाऱ्या वर्कर प्रोसेस (विनंत्या प्रत्यक्ष हाताळणारे प्रोग्रामचे भाग) शोधाव्या लागतील, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

आकडे बदलल्यावर प्रोग्राम सहसा पुन्हा सुरू करावा लागतो, नुसते आकडे बदलून नवी लांबी लागू होत नाही. हे काम आम्ही रात्री करतो. तेव्हा निकालाची किंवा हंगामाची तारीख आम्हाला आधी कळवा.