पित्त खवळलंय की अल्सर झालाय?

सोलापुरात कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहा, "पित्ताची गोळी द्या की ओ" हमखास ऐकू येईल. एकाच्या छातीत जळजळतंय, दुसऱ्याला बेंबीच्या वर कळ येतेय. गोळी दोघांना एकच. आरोपीही एकच, शेंगा चटणी!

तिची निम्म्या आरोपातून सुटका करायला हवी.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आम्ल वर चढतं, तीच जळजळ. रात्री अकराला हुरडा, भाकरी, चटणी आणि वर तेलाची धार असं दाबून खाल्लं आणि लगेच आडवं झालं, की घशाशी आंबट पाणी येतं. इथं चटणी गुन्ह्यात सामील आहे, पण उशिरा जेवणंही तितकंच.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तराला पडलेली जखम. आतड्यातली जखम बहुधा पोट रिकामं असताना दुखते. मध्यरात्री कळ जाग आणते, दोन बिस्किटं खाल्ली की थांबते. जठरातली कधीकधी जेवल्यावरच दुखते.

ही जखम चटणीनं पडत नाही. बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू ती करतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. जंतूवर कुणी विश्वास ठेवेना, म्हणून ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतःच पिऊन दाखवला आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ साली त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

गोळ्यांचं प्रकरण मात्र आपल्या घरातलं. यंत्रमागावर दिवसभर उभं राहून गुडघे धरले, की डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. त्यानं पोट दुखलं, की पित्ताची गोळी. तिनं जळजळ आणि अल्सर, दोन्ही दुखणी तात्पुरती निवतात, म्हणूनच तर घोटाळा होतो. जंतू निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स लागतो, बहुधा १४ दिवसांचा. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी पँटोप्राझोलसारखी पित्ताची गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, डॉक्टरांना विचारून. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू असतील तर तसं सांगा.) जळजळीबरोबर दरदरून घाम सुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर सोडा पीत बसू नका, दुखणं हृदयाचंही असू शकतं. आधी ईसीजी.