बेने इस्रायल : इस्रायलमधील स्थलांतर आणि पुनर्वसन

कोकणातील मराठीभाषक ज्यूंचे १९४८ नंतर इस्रायलमध्ये झालेले स्थलांतर व तेथे बसलेले बस्तान. परक्या देशात माणूस रुजला हे ठरवायचे कशावरून, या वादात समाजशास्त्रज्ञ या समाजाचा दाखला आवर्जून देतात.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरा. रायगड जिल्ह्यात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून आली. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. पुढच्या दोनतीन दशकांत त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत त्यांना घरे मिळाली, ‘उल्पान’ नावाच्या वर्गांत हिब्रू शिकवली गेली. तरी कामधंद्यात रंगावरून दुजाभाव होतो, असे म्हणत काहींनी १९५१-५२ मध्ये ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून धरणे धरले. शंभराहून अधिक जण भारतात परतले. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

खरी ठेच लागली ती लग्नात. इस्रायलमध्ये ज्यूंचा विवाह रब्बींच्याच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्याच, हातून होतो. नोंदणी विवाहाची सोय नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बीच नव्हते. मग तिथले घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का, मिश्रविवाह झाले होते का, अशी शंका निघाली. बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर मागच्या पिढ्यांची चौकशी करा, असा आदेश १९६२ मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निसिम यांच्या काळात निघाला. पणजीचा काडीमोड कसा झाला याचा पुरावा कोण कुठून आणणार? समाज चिडला. १९६४ मध्ये जेरुसलेमात ठिय्या आंदोलन झाले, ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक भरली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, अशी बाजू घेतली आणि आदेशातून समाजाचे नाव वगळले गेले.

त्या काळातील इस्रायली अभ्यासकांचा भर ‘क्लिता’वर, म्हणजे सामावून घेण्यावर होता: किती लोक हिब्रू बोलू लागले, किती नोकरीला लागले. ही मोजपट्टी एकाच बाजूची होती. रब्बींच्या दारात अडलेली मुलगी अस्खलित हिब्रू बोलत असली तरी तिची अडचण त्या मोजपट्टीवर दिसत नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांनी लोदमधील बेने इस्रायलांवर १९७७ मध्ये ससेक्स विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांनी प्रश्न उलटा घातला: इतकी वर्षे होऊनही वेगळेपण टिकते ते का? कोकणात हे लोक ‘इस्रायल’ म्हणून निराळे होते. इस्रायलात त्यांना ‘होदी’, म्हणजे भारतीय, म्हणू लागले.

वेगळेपण ताटातही दिसते. नवस, लग्न, घरभरणी असली की मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघाले. दिमोनात क्रिकेटही रंगते. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू. मराठी त्यांच्याकडे उरली ती बहुधा आजीच्या गाण्यांत आणि पदार्थांच्या नावांत.