पूलच्या नव्या प्लास्टरवर पांढरं खरखरीत आलंय: स्केल का नोड्यूल?

पूल रिसर्फेस करून घेतला, म्हणजे आतलं प्लास्टर नव्याने मारून घेतलं, १०-१५ हजार डॉलर गेले, काम झालं तेव्हा अगदी गुळगुळीत होता आणि दोन-तीन महिन्यांनी पोरं सांगायला लागली की तळाला पायाला काहीतरी टोचतंय. बघितलं तर पांढरे खरखरीत ठिपके. काँट्रॅक्टरला फोन केला की तो न बघताच सांगतो, तुमचं पाणी बॅलन्समध्ये नाही, हे स्केल आहे, वॉरंटीत बसत नाही. घरमालक म्हणतो प्लास्टरच वाईट मारलंय. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आपल्या बऱ्याच लोकांनी घर घेतलं तेव्हा जुना पूल घराबरोबरच आला, आणि आता त्या पूलांची प्लास्टरं एकेक करून बदलायला आलीयेत, म्हणून हे भांडण हल्ली ओळखीपाळखीत सारखं कानावर येतं. त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो या दोन गोष्टींत, स्केल (पाण्यातून येऊन बसलेले क्षार) आणि नोड्यूल (प्लास्टरच्या मागून बाहेर आलेले गोळे). दिसायला सारखं, हाताला सारखं, पण एकात खर्च तुमचा आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा काँट्रॅक्टरचा.

आधी एक गोष्ट, कारण इथेच लोक फसतात. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. दोन्हींवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर फसफसतं. त्यामुळे काँट्रॅक्टरचा माणूस येऊन थेंब टाकतो आणि म्हणतो "बघा, कॅल्शियम आहे, म्हणजे स्केल", तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. पदार्थ कुठला हा प्रश्नच नाहीये, तो आला कुठून हा प्रश्न आहे, पाण्यातून येऊन प्लास्टरवर बसला का प्लास्टरच्या मागून बाहेर आला.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार घरोघरी बघितलेले असतात. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार धरतात ते स्केल, पाण्यात होतं ते बाहेर पडून बसलं. आणि वरच्या मजल्याचं बाथरूम गळतं तेव्हा खालच्या स्लॅबला भेगेतून पांढरे चुन्याचे लोंब येतात, तो चुना पाण्यातून आलेला नसतो, स्लॅबच्या सिमेंटमधला विरघळून भेगेतून बाहेर आलेला असतो. नोड्यूल म्हणजे हेच, फक्त पाण्याखाली.

आता पूलमध्ये हे कसं होतं ते नीट सांगतो. साधं पांढरं पूल प्लास्टर म्हणजे पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी. सिमेंट पाण्याबरोबर सेट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे आपला विरलेला चुना, आणि तो भरपूर असतो. रिसर्फेसिंगमध्ये नवं प्लास्टर जुन्या थरावर नाहीतर खालच्या गनाइटवर (पूलच्या काँक्रीटच्या कवचावर) मारतात, मध्ये बाँड कोट, म्हणजे दोन्ही चिकटून राहावेत म्हणून लेप. जुना पृष्ठभाग नीट टोचला नाही, धूळ राहिली, अ‍ॅसिड मारून ते नीट धुतलं नाही, किंवा जुनं प्लास्टर आधीच सुटलेलं होतं आणि त्याच्यावरच नवं मारून टाकलं, तर दोन थरांमध्ये पोकळी राहते. सूक्ष्म भेगेतून त्या पोकळीत पूलचं पाणी शिरतं, तिथे चुना विरघळतो, आणि ते चुनकट पाणी त्याच भेगेतून हळूहळू बाहेर झिरपतं. बाहेर पूलच्या पाण्यातला कार्बोनेट भेटला की जागच्या जागी कॅल्शियम कार्बोनेट होऊन भेगेच्या तोंडाशी साठत जातं. म्हणून नोड्यूलचा गोळा मध्ये उंच असतो, कधी कधी शेंड्याला बारीकसं भोकही दिसतं, आणि भेग लांब असेल तर गोळे एका रेषेत येतात. बाजूचं प्लास्टर मात्र गुळगुळीत.

स्केलचं तसं नसतं. स्केलला भेग लागत नाही, पाण्यातच कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) आणि पीएच इतकं झालं की पाण्याला ते धरून ठेवता येत नाही, मग जिथे बसायला मिळेल तिथे बसतं. हात फिरवला की सगळीकडे सँडपेपरसारखी खर लागते. आणि मुख्य म्हणजे ते फक्त प्लास्टरवर थांबत नाही, वॉटरलाइनच्या टाइलवर पांढरी पट्टी, लाइटच्या काचेवर, शिडीवर, स्पाच्या धबधब्याच्या कडेला, सॉल्ट सिस्टिम (पाण्यातल्या मिठापासून क्लोरिन बनवणारं यंत्र) असेल तर तिच्या सेलच्या प्लेटवर, हीटरमध्ये. जिथे पाणी गरम किंवा जिथे पाणी उसळतं तिथे जास्त, कारण उसळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. तेव्हा सॉल्ट सेल उघडून बघा, सेल स्वच्छ, टाइल स्वच्छ, आणि तळाला मात्र चाळीस ठिकाणी गोळे, तर पाण्याला दोष देणाऱ्याला हे विचारलंच पाहिजे की पाण्याने बाकी सगळं सोडून एवढ्याच जागा का निवडल्या?

मग ठोकून बघायचं. गवंडी भिंतीचं प्लास्टर थापीच्या दांड्याने ठोकून पोकळ झालंय का बघतो ना, तेच. पूल भरलेला असला तरी लांब काठीला लाकडी ठोकळा बांधून किंवा पोहता येणाऱ्याने आत उतरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकता येतं. गोळ्याच्या आजूबाजूला बद्द पोकळ आवाज आणि हातभर लांब ठणठणीत, म्हणजे थर सुटलाय. हे व्हिडिओ करून ठेवा, आवाज ऐकू यायला पाहिजे, गोळ्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढा. पण एक सांगतो, पोकळ आवाज आला नाही म्हणून लगेच हार मानू नका, फक्त बारीक भेग असेल तरी छोटे गोळे येऊ शकतात.

तिसरी खूण म्हणजे परत येणं. दोन-चार गोळे प्युमिस दगडाने घासून काढा (सगळे नाही, पुढे सांगतो का) आणि जागा लिहून ठेवा. स्केल पाणी सुधारल्यावर परत येत नाही. नोड्यूल मागची पोकळी जशीच्या तशी असेल तर काही आठवड्यांत बरोबर त्याच ठिकाणी डोकं वर काढतो, पाणी कितीही चांगलं असलं तरी.

पाण्याचा हिशोब पण यायला हवा, कारण काँट्रॅक्टर तिथेच पकडणार. नेहमीचे आकडे पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम. पण एकेक आकडा बघून काही कळत नाही, हे सगळं आणि तापमान एकत्र धरून लँगेलिअर सॅच्युरेशन इंडेक्स काढतात, एलएसआय. इथल्याच बर्कलीच्या विल्फ्रेड लँगेलिअर या प्राध्यापकाने १९३६ साली शहराच्या पाण्याच्या पाइपांसाठी तो मांडला, पूलवाल्यांनी नंतर उचलला. उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असलं तर पाणी ठीक धरतात, त्याच्यावर गेलं की स्केल बसायची शक्यता, खाली गेलं की पाणी उलट प्लास्टरमधलं कॅल्शियम खायला लागतं. तुमच्याकडे दर आठवड्याच्या टेस्टची नोंद असेल आणि एलएसआय कायम या पट्ट्यात असेल तर "स्केल आहे" या म्हणण्याला आधारच राहत नाही. सॅन रमोन-डॅनव्हिल बाजूला नळाला मोकेलम नदीचं मऊ पाणी येतं, त्यात कॅल्शियम मुळातच कमी, अशा पाण्याने नव्याने भरलेल्या पूलमध्ये दोन-तीन महिन्यांत जाड स्केल बसायला पीएच बराच चढलेला असायला लागतो, आणि चढलेला असेल तर तो नोंदीत दिसतोच.

इथे घरमालकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. पहिला महिना फार नाजूक असतो. ताजं प्लास्टर पाण्यात चुना सोडत राहतं, पीएच रोज वर जातो, प्लास्टरची पांढरी धूळ उठते, म्हणून पीएच सारखा खाली आणायचा, सुरुवातीला दिवसातून दोनदा ब्रश करायचा, हीटर लावायचा नाही, साधारण २८ दिवस मीठ टाकायचं नाही. याला स्टार्ट-अप म्हणतात. हे केलं नाही आणि ती धूळ तशीच प्लास्टरवर बसून घट्ट झाली तर ते खरंच स्केल आहे, आणि स्टार्ट-अप ज्याच्याकडे होतं त्याची जबाबदारी. म्हणून काँट्रॅक्ट काढून बघा, स्टार्ट-अप कोणाकडे लिहिलंय. ते त्यांच्या माणसाने केलं असेल तर पहिल्या महिन्यातल्या स्केलचं खापरही तुमच्यावर फुटत नाही. तुमच्याकडे असेल आणि तुम्ही त्या आठवड्यात भारतात गेला होतात, तर मात्र बाजू कमजोर आहे. तसंच मधेच पूल रिकामा करून उन्हात ठेवला असेल तर प्लास्टर सुकून तडकतं, सुटतं, त्यातून आलेल्या नोड्यूलला काँट्रॅक्टरला जबाबदार धरता येणार नाही. नोड्यूल म्हटलं की आपण जिंकलो असं धरून चालू नका, भेग का पडली हे पण विचारावं लागतं. आणि एकाच पूलमध्ये टाइलला स्केल आणि तळाला नोड्यूल दोन्ही असू शकतात. तसं असेल तर स्केल सरळ मान्य करा, आणि मागणी तळाची करा, सगळंच नाकारणाऱ्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

आता सगळे गोळे का काढायचे नाहीत. बऱ्याच वेळा काँट्रॅक्टर म्हणतो चला, तुमच्यासाठी फुकटात अ‍ॅसिड वॉश करून देतो, आणि एका कागदावर सही घेतो. अ‍ॅसिड वॉश म्हणजे प्लास्टरचाच एक पापुद्रा जाळून काढणं, पुरावा गेला, प्लास्टरचं आयुष्य कमी झालं, आणि थर सुटलेला असेल तर गोळे परत येणारच. "विषय संपला" अशा अर्थाची सही त्या बदल्यात अजिबात करू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरी हेच झालं, वॉशनंतर गोळे तिथेच परत आले आणि काँट्रॅक्टरने सही दाखवली. त्या काकूंचा नाइलाज बघून फार वाईट वाटलं, त्यांची नोंदवही इतकी नीट होती की तिच्या जोरावर त्या सहज भांडू शकल्या असत्या.

फारच अडलं तर कोअर काढतात, गोळ्याच्या जागेवरून प्लास्टरचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला पेट्रोग्राफिक तपासणी म्हणतात. थरांमध्ये फट आहे का, भेग कुठून कुठे गेलीये, हे त्यात स्पष्ट दिसतं. खर्चिक आहे, म्हणून आधी लेखी कळवा की अमुक दिवशी कोअर काढतोय, तुमचा माणूस पाठवा. समोर काढलेल्या तुकड्यावर नंतर कोणाला शंका घेता येत नाही.

कॅलिफोर्नियात पुढचा रस्ता ठरलेला आहे. आधी लेखी तक्रार काँट्रॅक्टरलाच, फोटो, नोंदी, दुरुस्तीसाठी मुदत. मग सीएसएलबी, म्हणजे राज्याचं काँट्रॅक्टर लायसन्स बोर्ड, तक्रार फुकट आहे आणि साधारण चार वर्षांच्या आत करावी लागते. लायसन्स नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा, पूल काँट्रॅक्टरचा वर्ग सी-५३. प्रत्येक लायसन्समागे बाँड (भरपाईसाठीची हमी) असतो, २०२३ पासून २५,००० डॉलरचा, पण तो एकट्या तुमच्यासाठी नसतो, त्याच काँट्रॅक्टरवर आणखी चार दावे असतील तर सगळ्यांना मिळून तेवढाच. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, तिथे वकील उभा राहत नाही, तुमचं तुम्हीच बोलायचं. जज पूलवाला नसतो, त्याला एलएसआय समजावत बसू नका, ठोकण्याचा व्हिडिओ आणि स्वच्छ सॉल्ट सेलचा फोटो शेजारी शेजारी दाखवा. आणि पुढच्या वेळी काम देताना लक्षात ठेवा, इथे घरदुरुस्तीच्या कामाला १० टक्के किंवा १,००० डॉलर यातलं जे कमी असेल त्याहून जास्त अ‍ॅडव्हान्स मागता येत नाही. जो निम्मे पैसे आधी मागतो त्याला तिथेच नमस्कार करा.

हे सगळं चालू असताना काही झालं तरी रागाच्या भरात पूल रिकामा करू नका, विशेषतः पावसाळ्यात, म्हणजे इथे नोव्हेंबर ते मार्च. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामं भांडं खालून उचललं जाऊन अख्खा गनाइट तडकू शकतो, मग प्लास्टरचा वाद बाजूलाच राहील. दुरुस्तीसाठी रिकामा करायचाच असेल तर ते काँट्रॅक्टरने करायचं, तळाचा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (जमिनीतल्या पाण्याचा दाब सोडणारा) चालू आहे हे तपासून, आणि ती जबाबदारी त्याची आहे असं लिहून घेऊन.