जुन्या ड्राइव्ह कार्डाचा पूर्ण वेग कसा मिळवायचा

आमच्या ग्राहकांसाठी माहिती

उद्यमबागेतलं वर्कशॉप, शहापूरचा छापखाना, निपाणी-चिकोडीकडचा फोटो स्टुडिओ... अशा ठिकाणी पंधरा-पंधरा वर्षांचे कॉम्प्युटर अजून रोज चालतात, आणि त्याला कारणं असतात. मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, नाहीतर डीटीपीचा जुना डाँगल (सॉफ्टवेअर चालू करणारी छोटी चावी) नव्या विंडोजला ओळखूच येत नाही. अशा ग्राहकाला ‘नवा घ्या’ असं आम्ही लगेच सांगत नाही. ड्राइव्ह कार्डावर, म्हणजे डिस्क जोडण्यासाठी आत बसवलेल्या वेगळ्या कार्डावर, लावलेल्या डिस्कची कॉपी रखडत असेल, तर वेग नेमका कुठे अडतोय ते आधी पाहायला हवं. पुष्कळदा काम एका केबलवर भागतं.

आधी आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची कार्डं. या केबल दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींच्या टोकाला ४० पिनांचाच कनेक्टर असतो, म्हणून गफलत होते. पट्टी उजेडात धरून बघा. तारा जाड, सहज मोजता येण्यासारख्या असतील तर ती ४० तारांची. अगदी बारीक, दाट रेघा दिसल्या तर ८० तारांची. वाढीव ४० तारा ग्राउंडच्या असतात, त्या शेजारशेजारच्या सिग्नलची एकमेकांत मिसळ होऊ देत नाहीत. साध्या केबलवर वेग सेकंदाला ३३ एमबीच्या वर जात नाही, मग कार्डावर १३३ छापलेलं असो. ८० तारांच्या केबलचं निळं टोक कार्डाला आणि काळं टोक डिस्कला लावायचं. उलटी लावली तर केबल कोणती आहे हे कार्डाला कळेलच असं नाही.

केबल बदलूनही फरक पडला नाही तर एक्सपीत डिव्हाइस मॅनेजर उघडा. प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जखाली ‘करंट ट्रान्सफर मोड’ दिसतो. तिथे ‘पीआयओ’, म्हणजे सगळ्यात संथ मोड, असेल तर दुखणं सापडलं. डेटा नेता-आणताना एकूण सहा चुका झाल्या की विंडोज वेग एकेक पायरी खाली आणतं, चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओवर येऊन थांबतं, आणि पुन्हा आपणहून वर चढत नाही. पीआयओत कागदावरची कमाल मर्यादाच १६.६ एमबी आहे, शिवाय सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ४० जीबीचं लग्नाचं शूटिंग त्या कमाल वेगानेही ४० मिनिटं घेतं. १०० एमबीने तेच सात मिनिटांच्या आत होतं. उपाय सोपा आहे: तो चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, विंडोज त्याला नव्याने ओळखतं. मात्र काही दिवसांत पुन्हा पीआयओ आलं, तर डिस्क किंवा केबल खरोखरच खराब होत चालली आहे. त्या क्षणी वेगाचा विचार सोडा आणि बॅकअप घ्या.

आता साटा, म्हणजे अरुंद केबलची कार्डं. पांढऱ्या लांब पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं कार्ड असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: त्या रस्त्याची एकूण क्षमताच १३३ एमबी आहे, आणि लॅन कार्डासारखी त्याच रस्त्यावरची इतर कार्डंही त्यातच वाटेकरी असतात. प्रत्यक्षात शंभरच्या खालीच हाती लागतं. साध्या हार्ड डिस्कला ते बऱ्यापैकी चालून जातं. महागडी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) मात्र तिथे लावू नका, पैसे वाया जातील. व्हीआयएच्या काही जुन्या चिपवर तर नवी डिस्क दिसतच नाही. तिच्यावरच्या छापील आकृतीप्रमाणे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून वेग १.५ गिगाबिटवर आणला की दिसू लागते.

पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे पीसीआयनंतर आलेल्या नव्या स्लॉटच्या, कार्डाचा हिशोब वेगळा. पहिल्या पिढीच्या छोट्या स्लॉटला २५० एमबी मिळतात, दुसऱ्या पिढीच्या स्लॉटला ५००. इंटेलच्या जी४५ चिपसेटच्या बोर्डावर लहान स्लॉट पहिल्या पिढीचे आणि ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट दुसऱ्या पिढीचा असतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो रिकामाच पडलेला असतो. छोटं कार्ड त्यात बसतं. काही बोर्ड ते स्वीकारत नाहीत, म्हणून लावूनच बघावं लागतं. आमचा सल्ला मात्र असा, की एसएसडी बोर्डाच्या स्वतःच्या साटा पोर्टला लावा आणि बॅकअपची डिस्क कार्डावर न्या. त्या बोर्डाचे पोर्ट ३०० एमबीपर्यंत जातात, पहिल्या पिढीच्या स्लॉटमधल्या कार्डापेक्षा जास्तच. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा पोर्टचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर मात्र परस्पर बदलू नका. ड्रायव्हर आधी घातलेला नसेल तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं.

आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. खानापूरकडच्या पावसाळ्यातला दमटपणा आणि फाउंड्रीजवळची लोखंडाची धूळ, दोन्ही कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतात. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कार्ड बाहेर घ्या, पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि कार्ड दाबून पुन्हा बसवा. लोखंडाची धूळ वीज वाहते, तेव्हा स्लॉटमध्ये फुंकर मारून ती आत ढकलू नका, ब्लोअर वापरा.

एवढं करूनही अडत असेल तर सीपीयू तसाच घेऊन या, कार्ड काढू नका, आणि त्या कार्डावरची केबलही सोबत आणा. एखादी मोठी फाईल कॉपी व्हायला किती वेळ लागतो तेवढा लिहून आणलात तर तपासणी लवकर होते. डेटाचा बॅकअप नसेल तर तसं काउंटरवर आधी सांगा. मग आम्ही पहिल्यांदा तो काढतो आणि नंतरच कार्डाला हात लावतो.