मार लागल्याने हाडाचा कॅन्सर होत नाही

“गुडघ्याला चेंडू लागला, त्याचाच कॅन्सर झाला” असं सर्रास ऐकू येतं. तसं नसतं. मार लागला म्हणून एक्स-रे काढतात आणि आधीपासून असलेली गाठ दिसते, इतकंच. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, बहुतेकदा गुडघ्याजवळ होतो. मुका मार हळूहळू उतरतो. कॅन्सरचं दुखणं मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं, रात्री झोपमोड करतं, सूज वाढत जाते. तेव्हा तेल चोळत बसू नये (आजीने कितीही आग्रह केला तरी!). बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) शक्यतो पुढची शस्त्रक्रिया होणार तिथेच करावी. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमो. पाय कापावाच लागतो हेही खरं नाही. बहुतेकांचा वाचवता येतो, काढलेल्या हाडाच्या जागी अनेकदा धातूचा सांधा बसवतात.